एसजी आयर्नच्या नमुन्यात नोड्यूलच्या जागी खड्डे दिसतायत

शिरोलीचा_डिप्लोमा

नमस्कार मंडळी. मेटलर्जीचा डिप्लोमा करून शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये नुकताच लागलोय. लॅब म्हणजे एक स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते मोजणारं), एक ब्रिनेल (कडकपणा मोजणारं), दोन चाकांचं पॉलिशिंग मशीन आणि एक जुना मायक्रोस्कोप. आधीचे साहेब नोकरी सोडून गेले, त्यामुळे विचारायला माणूस नाही.

आमच्याकडे एसजी ५००/७ चं काम जास्त, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोल गोळ्यांच्या (नोड्यूलच्या) रूपात असतं त्या ओतीव लोखंडाचं. अडचण अशी की एकाच हीटचा (भट्टीच्या एका घाण्याचा) नमुना कस्टमरच्या लॅबमध्ये ९० टक्के नोड्युलॅरिटी, म्हणजे गोल ग्रॅफाइटचं प्रमाण, दाखवतो आणि माझ्याकडे ७० ते ७५. दरवेळी फोनाफोनी.

माझी पद्धत सांगतो. कास्टिंगच्या लगचा, म्हणजे तपासणीसाठी जोडून ओतलेल्या भागाचा, तुकडा हँड ग्राइंडरने कापतो. बेल्टवर सपाट करतो. मग २२०, ४००, ६०० नंबरचे पेपर पाण्यावर. मग मखमली कापडावर अल्युमिना घालून आरसा येईपर्यंत धरतो, पंधरा मिनिटं तरी लागतात. १०० एक्सला बघितलं की नोड्यूल काळेकुट्ट, कडा कुरतडलेल्या आणि प्रत्येकाला एकाच बाजूला शेपूट. निटाल (रचना दिसावी म्हणून लावायचं नायट्रिक-अल्कोहोलचं मिश्रण) लावल्यावर वरून तपकिरी डाग पडतात ते वेगळंच.

सुपरवायझर म्हणतात कापड बदल. स्टोअरवाले म्हणतात डायमंड पेस्ट महाग आहे, आधी कारण लिहून दे. फोटो खाली टाकलेत. नक्की कुठं अडतंय?

चाकणकर_क्यूए

ऑटो पॉलिशर मागवा, विषय संपला. हाताने केलेल्या नमुन्यावर नोड्युलॅरिटीचा वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येक माणसाचा दाब वेगळा, प्रत्येकाचा आरसा वेगळा.

काळी_माती

आम्ही कॉलेजला ब्रासो वापरायचो. झकास चमक येते. स्वस्तात काम.

मिरजकरीण

माझं आयुष्य फाउंड्रीच्या लॅबमध्ये गेलं, त्यामुळे तुला अरे-तुरे करते, रागावू नकोस.

चाकणकर, यंत्र चांगलंच असतं, पण हेन्री सॉर्बी या इंग्रज शास्त्रज्ञाने शेफील्डमध्ये १८६३-६४ च्या सुमाराला पोलादाची रचना पहिल्यांदा बघितली ती हाताने घासलेल्या नमुन्यावरच. शिवाय लगचा तुकडा हँड ग्राइंडरने भाजून आणला तर ऑटो पॉलिशर त्यालाही इमानेइतबारे आरसा करून देईल. ब्रासो समईला ठेवा. त्यातला कण किती मायक्रॉनचा ते ठाऊक नसताना कसलं पॉलिशिंग?

आता तुझे फोटो. शेपटं सगळी एकाच दिशेला आहेत. म्हणजे तू नमुना चाकावर एका जागी, एकाच बाजूने धरून उभा राहतोस. चाक फिरतं त्याच्या उलट दिशेने नमुना सावकाश गोल फिरवायचा आणि मध्यापासून कडेपर्यंत नेत-आणत राहायचं. शेपटं जातील. पण तेवढ्याने नोड्यूल गोल दिसायला लागतील असं समजू नकोस, ते दुखणं दुसरं आहे.

काळं दिसतंय ते ग्रॅफाइट आहे की ग्रॅफाइट निघून गेलेली जागा, हे आधी ठरव. नीट राखलेलं ग्रॅफाइट साध्या उजेडात राखाडी दिसतं. लेन्स वाढवून बघितलं तर मध्यापासून बाहेर जाणारी ठेवणही कळते. खड्डा ठार काळा. बारीक फोकसचा स्क्रू जरा खाली-वर कर, खड्ड्याची कड आणि तळ वेगवेगळ्या जागी फोकस होतात. मायक्रोस्कोपला पोलरायझर आणि अ‍ॅनलायझर असले तर क्रॉस करून बघ. खऱ्या नोड्यूलमध्ये उजेड-अंधाराची फुली उमटते, रिकाम्या खड्ड्यात काहीच नाही. तुझ्या दुसऱ्या फोटोत मला निम्म्याहून जास्त खड्डेच वाटतायत. त्यांच्या कडा झिजलेल्या, लांबट. मोजणाऱ्याला ते वेडेवाकडे ग्रॅफाइटच दिसणार, मग माणूस मोजो की सॉफ्टवेअर. नोड्युलॅरिटी खाली येते ती इथे.

कापड बदल म्हणणारा तुझा सुपरवायझर अर्धा बरोबर आहे. मखमलीची लव लांब असते. ती मऊ ग्रॅफाइटमध्ये शिरते आणि उकरून काढते. पण तुला मखमलीवर पंधरा मिनिटं का उभं राहावं लागतं, हा खरा प्रश्न. पेपरवरून येताना नमुना चांगला आला असेल तर एवढा वेळ लागतच नाही. सहाशेच्या पेपरवरचे ओरखडे तू कापडावर काढत बसतोस, म्हणून ग्रॅफाइट जातंय.

तर शेवटच्या पायरीपासून नको, पहिल्या पायरीपासून जाऊ.

हँड ग्राइंडर बंद. कापलेला भाग निळसर दिसतो का? दिसत असेल तर तिथली रचना तू स्वतः तयार केलेली आहे, कास्टिंगची नाही. कटिंग मशीन नसेल तर हॅकसॉ घे. ५००/७ चं लोखंड साधारण दोनशे ब्रिनेलच्या आसपासचं, त्याला हॅकसॉ पुरते. घाम येईल, येऊ दे. कापल्यावर बेल्टवर एक-दीड मिलिमीटर तरी जाऊ दे, पण रेटायचं नाही. हाताला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं. कडांना चारही बाजूंनी छोटी चॅम्फर (तिरकी घास) मार, नाहीतर पहिल्याच फेरीत कापड फाटेल.

वीस-पंचवीस मिलिमीटरचा तुकडा असेल तर माउंटिंगच्या (नमुना प्लास्टिकमध्ये बसवण्याच्या) नादी लागू नकोस, हातात छान धरता येतो. माउंट करणाऱ्यांना एक जास्तीचं काम असतं: माउंट आणि धातू यांच्यातल्या फटीत पाणी साचतं आणि निटालनंतर बाहेर येऊन डाग पाडतं. तुझे डाग मात्र बहुतेक त्या खड्ड्यांतूनच येतायत.

पेपर. इथे बसून वाच. प्रत्येक पेपरला नमुना ९० अंशात वळवायचा. का, तर आधीचे ओरखडे आडवे दिसतात आणि ते गेले की नाही ते कळतं. दिसेनासे झाले की थांबायचं नाही, तेवढाच वेळ आणखी घासायचं. कारण ओरखड्याच्या तळाखालीही धातू चिरडलेला असतो. वरची रेघ गेली तरी तो थर राहतो आणि निटाल लावलं की जुने ओरखडे भुतासारखे परत येतात. पेपर बोथट झाला की फेकायचा. बोथट पेपर कापत नाही, नुसता रगडतो. भिंतीच्या भेगेवर पुट्टी फिरवावी तसं फेराइट (भोवतालचं मऊ लोखंड) ग्रॅफाइटवर ओढलं जातं. मग नोड्यूल एकदम लहान किंवा गायबच. तुझ्या पहिल्या फोटोत नोड्यूलची संख्याच कमी वाटते ती त्यामुळे असेल.

आणि २२० वरून ४००, तिथून ६०० या उड्या मोठ्या आहेत. मध्ये ३२० घाल. तुझ्या स्टोअरमधला ६०० नंबरचा पेपर मागून बघ, पाठीवर नुसतं ६०० छापलंय की पी ६००. हे सांगितलंस की पुढचं लिहिते.

शिरोलीचा_डिप्लोमा

मावशी, आत्ता स्टोअरला जाऊन आलो. सगळ्यांच्या पाठीवर पी आहे. पी २२०, पी ४००, पी ६००. त्याने काय फरक पडतो? कॉलेजला तर आम्हाला वन झीरो, टू झीरो, थ्री झीरो, फोर झीरो असे एमरी पेपर होते.

मिरजकरीण

सापडलं. पी म्हणजे युरोपातली मोजणी. साधा नंबर म्हणजे अमेरिकेतली. दोनशेवीसपर्यंत दोन्ही जवळजवळ चालतात, पुढे फाटा फुटतो. साधा ३२० म्हणजे साधारण पी ४००. साधा ४०० म्हणजे पी ८०० च्या आसपास. आणि साधा ६०० म्हणजे पी १२००. साध्या सहाशेचा कण सोळा मायक्रॉनच्या घरात, पी ६०० चा सव्वीसच्या. पुस्तकात वाचतोस ‘६०० पर्यंत घासा’, आणि तुझ्या हातात आहे त्याच्या दीडपटीहून जाड कण. तिथून तू थेट अल्युमिनावर उडी मारतोस. पंधरा मिनिटं लागणार नाहीत तर काय.

स्टोअरवाल्याला लिहून दे: पी २४०, पी ४००, पी ८००, पी १२००. सिलिकॉन कार्बाइड, वॉटरप्रूफ. डायमंड पेस्टच्या मागणीपेक्षा ही मागणी लवकर पास होईल, बघ.

डायमंडही हवाच, पण थोडा. लव नसलेल्या कापडावर तीन मायक्रॉन, दोन-तीन मिनिटं. मग आखूड लवेच्या कापडावर एक मायक्रॉन, मिनिटभर, हलक्या हाताने. संपलं. मटारच्या दाण्याएवढी पेस्ट लावून लोक ती उडवून देतात. चार-पाच ठिकाणी नुसते ठिपके द्यायचे, वर फ्लुइडचे थोडे थेंब. कापड ओलसर हवं, ओलं नको. असं वापरलं तर सिरिंज बरीच टिकते आणि ‘महाग’ म्हणणाऱ्याला हिशेब दाखवता येतो. तुझा अल्युमिना वाया जात नाही, डायमंडनंतर शेवटचा हात म्हणून काही सेकंद चालेल. प्रत्येक मायक्रॉनचं कापड वेगळं, झाकणाच्या डब्यात, वर नाव लिहून.

धुणं हे घासण्याइतकंच काम आहे. प्रत्येक पायरीनंतर नळाखाली कापसाने साबण लावून धू. नखंही धू. एका नखातला पी २४० चा कण एक मायक्रॉनच्या कापडावर गेला की ते कापड गेलं. शेवटी स्पिरिट टाकून नमुना तिरपा धर आणि ड्रायर एका बाजूने मार, म्हणजे थेंब जागच्या जागी न सुकता ओघळून जातो. कच्चं लोखंड पाण्यात ठेवून चहाला गेलास तर आल्यावर गंज बघायला मिळेल.

निटाल लावण्याच्या आधी नोड्युलॅरिटी मोज. हे कुणीतरी फाउंड्रीच्या दारावर रंगवून ठेवायला हवं. ग्रॅफाइटचा आकार बिना-एचचा, म्हणजे निटाल न लावता, १०० एक्सवर. मॅट्रिक्स, म्हणजे ग्रॅफाइटभोवतीच्या लोखंडात मऊ फेराइट आणि कडक पर्लाइट किती, ते एचिंगनंतर (निटाल लावल्यावर). एचिंग केलेल्या नमुन्यावर काळा पर्लाइट आणि काळं ग्रॅफाइट सॉफ्टवेअर एकात एक मिसळतं.

कस्टमरशी बोलताना एक खड्डा आहे तो बघून ठेव. तुमचा रिपोर्ट कोणत्या स्टँडर्डने? आयएसओ ९४५ मध्ये फॉर्म १ म्हणजे ग्रे आयर्नचे पापुद्रे आणि फॉर्म ६ म्हणजे पूर्ण गोल. एएसटीएम ए २४७ मध्ये बरोबर उलटं, तिथे टाइप १ म्हणजे गोल. रिपोर्टवर नुसतं ‘टाइप ५’ किंवा ‘टाइप ६’ लिहून पाठवणारे आणि मग महिनाभर मेल खेळणारे मी बघितलेत.

गियरबॉक्स_भोसरी

मावशी, मध्येच घुसतो. आमच्याकडे कार्ब्युराइज केलेले (पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक केलेले) गियर. केस डेप्थ (त्या कडक थराची खोली) बघताना दाताची कडच गोलावते, १०० एक्सला मॅट्रिक्स फोकस केलं की कड धूसर. बेकलाइटमध्ये माउंट करतो.

मिरजकरीण

भोसरीकर, तुमचं उलट आहे: त्याला चॅम्फर मारायची, तुम्हाला कड जपायची. साधं बेकलाइट मऊ, ते आधी झिजतं आणि कड उघडी पडते. कडेसाठी खनिज भरलेलं कडक इपॉक्सी मिळतं ते घ्या, किंवा दोन नमुने समोरासमोर क्लॅम्पमध्ये आवळा, म्हणजे एकमेकांची कड सांभाळतात. लव असलेल्या कापडावर कमीत कमी वेळ. बेकलाइटच्या प्रेसमध्ये १५० अंशांच्या आसपास तापतं हेही ध्यानात ठेवा. टेम्पर झालेल्या गियरला त्याचं काही नाही, पण नुसता क्वेंच केलेला (तापवून एकदम थंड केलेला, टेम्पर न केलेला) नमुना असेल तर कोल्ड माउंट (न तापवता) करा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, या पोराचा धागा भरकटेल.

काळी_माती

ब्रासोबद्दल कान धरले. एक विचारतो: निटाल दोन टक्केच का? आमच्याकडे पाच टक्के करून बाटली भरून ठेवतात, लवकर काम होतं म्हणे.

मिरजकरीण

लवकर काम होतं आणि लवकर ओव्हर-एच होतं. ५००/७ ला दोन टक्के भरपूर: ९८ मिली अल्कोहोलमध्ये २ मिली तीव्र नायट्रिक. आरसा जरा धुरकट झाला की लगेच पाणी, मग स्पिरिट. काही सेकंदांचं काम आहे. कमी पडलं तर पुन्हा लावता येतं, जास्त झालं तर एक मायक्रॉनवर परत जावं लागतं. खरं तर हलकं एच करून पुन्हा मिनिटभर एक मायक्रॉनवर धरायचं आणि मग पक्कं एच करायचं, याने चिरडलेला थर निघून जातो. वेळ असेल तेव्हा मी असंच करते.

पण बाटलीबद्दल गंभीरपणे सांगते. ॲसिड अल्कोहोलमध्ये ओतायचं, थोडं थोडं, ढवळत. अल्कोहोल ॲसिडमध्ये कधीच नाही. पाच टक्क्यांपेक्षा तीव्र निटाल इथेनॉलमध्ये करून साठवायचं नाही, घट्ट बूच लावून तर अजिबात नाही. आत वायू तयार होतो आणि बाटली फुटते. रोज लागेल तेवढंच करावं. मिथेनॉल वापरत असाल तर खिडकी उघडी ठेवा, त्याची वाफ विषारी.

आणि ॲसिटोन. नमुने पुसायला बहुतेक लॅबमध्ये ॲसिटोन असतं, त्यात वाईट काही नाही. पण वापरलेलं निटाल आणि वापरलेलं ॲसिटोन एकाच वेस्टच्या कॅनमध्ये ओतायची सवय मी जागोजागी बघितली आहे. नायट्रिक आणि ॲसिटोन एकत्र येणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. दोन कॅन, दोन रंगांची झाकणं, दोन वेगळे कोपरे. यात मला विनोद चालत नाही.

चाकणकर_क्यूए

ऑटो पॉलिशरचं माझं मत कायम आहे, पण पी ६०० चा मुद्दा आमच्याकडेही तपासला. दोन सप्लायर, दोन मोजण्या, एकाच रॅकवर. लेबलं लावली.

शिरोलीचा_डिप्लोमा

मंडळी, उशिरा लिहितोय, पेपर यायला वेळ लागला. डायमंड पेस्टही मिळाली, सुपरवायझरनी सही केली.

हॅकसॉने कापलं, पी २४० ते पी १२०० सगळे क्रमाने केले, मखमल बंद. नोड्यूल राखाडी दिसतायत, मावशी म्हणाल्या तशी आतली ठेवणही दिसली. पोलरायझर होता, धूळ खात पडलेला. फुली बघून लॅबमध्ये सगळ्यांना बोलावून दाखवली. शेपटं नाहीत, डाग नाहीत. पहिल्या साच्याच्या लगमध्ये आमचा आकडा आणि कस्टमरचा आकडा आता दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळतो.

पण नवीन भानगड. त्याच हीटच्या शेवटच्या साच्याचा नमुना बघितला, अगदी तसाच तयार केलेला. त्यात गोल कमी आणि जाडसर, किड्यासारखे वळलेले तुकडे बरेच. पॉलिश परत केलं, दुसऱ्या ठिकाणाहून कापून परत केलं. तेच. राखाडी आहेत, खड्डे नाहीत. कस्टमरला आजवर पहिल्याच साच्याचा लग जात होता. आता हे भट्टीवाल्यांना सांगू की नको?

मिरजकरीण

सांग, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून सांग. त्याच हाताचं, त्याच पेपरचं पॉलिश दोन्हीकडे आहे, त्यामुळे आता कुणी पॉलिशवर ढकलू शकणार नाही. पहिल्या साच्याचा लग पाठवून शेवटच्या साच्याची कास्टिंग विकणं बरोबर नाही, हेही वरच्यांच्या कानावर घाल, पण आवाज न चढवता.

ग्रॅफाइटला गोल करतं ते मॅग्नेशियम. लेडलमध्ये (वितळलेलं लोखंड नेणाऱ्या भांड्यात) त्याची ट्रीटमेंट झाली त्या क्षणापासून ते उडायला लागतं. तुमच्याकडे ट्रीटमेंट संपल्यापासून शेवटचा साचा भरेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळ घेऊन स्वतः बघ, कुणाला विचारू नकोस, सगळे कमीच सांगतात. दहा मिनिटांच्या पुढे जात असेल तर उत्तर तिथेच आहे. लेडल लहान करा किंवा साच्यांची संख्या कमी करा.

सोबत शेवटच्या साच्याच्या वेळी लेडलमधून स्पेक्ट्रोचा नमुना घे. शिल्लक मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५ टक्के असावं. तो नमुना तांब्याच्या साच्यात पटकन गोठवलेला, तोडल्यावर आतून पूर्ण पांढरा हवा. करडा निघाला तर कार्बनचा आकडा धरू नकोस, पुन्हा ओत. इनॉक्युलेशन (ग्रॅफाइट नीट बनावं म्हणून घालायचा पदार्थ) कधी आणि किती घालतात तेही लिहून आण. तिन्ही गोष्टी आल्या की नवीन धागा काढ, इथे तो पॉलिशिंगच्या नावाखाली कुणाला सापडणार नाही.